आसरांचं अंगण

सुभेदार मानसिंगरावांचं पत्र आलं तेव्हा पौष सरत आला होता. त्याला मी उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण मला ते पत्र रोज आठवत होतं. वाचनालयातून आणलेल्या एका जाड पुस्तकात मी ते ठेवलं. पुस्तक परत करायची वेळ आली तेव्हा पत्र दुसऱ्या पुस्तकात गेलं, मग तिसऱ्यात. असं ते माझ्या खोलीतल्या खोलीत फिरत राहिलं.

पत्र छोटं होतं. "गुरुजींस मानसिंगचा रामराम. गाडीतळावरील आसरांचे काम कमिटीने हाती घेतले आहे. पाडव्याला कुदळ मारायची. तत्पूर्वी आसरांना काय चालते व काय चालत नाही, ते पुस्तकांत पाहून लिहून कळवावे. कमिटी आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही."

साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्या भागात ओढ्याकाठी, विहिरीकाठी शेंदूर लावलेले सात दगड दिसले की बाया हात जोडतात. माझी अडचण अशी होती की गाडीतळावरच्या या आसरा कुठून आल्या ते मला माहीत होतं. त्या सुभेदारांनीच आणल्या होत्या, आणि आणल्या तेव्हा त्या आसरा नव्हत्या.

उंब्रजच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून शेवरेवाडी आहे. तिथल्या शाळेत मी उमेदीची वर्षं काढली. आता निवृत्त होऊन साताऱ्यात राहतो, तरी अजून ते लोक मला गुरुजी म्हणतात. रस्त्याच्या कडेला तिथं गाडीतळ आहे. कऱ्हाडकडून गुळाच्या गाड्या निघाल्या की त्यांचा एक मुक्काम तिथं पडतो. दिवाळी झाली की माणदेशातले धनगर मेंढरं घेऊन उतरतात, त्यांचाही पडाव तिथंच. तळाच्या खालच्या अंगाला पाणथळ जमीन आहे. तिला सगळे लव्हाळी म्हणतात. लव्हाळा आणि पाणकणीस माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढतं, थंडीत चक्रवाक येऊन बसतात, आणि खालच्या वस्तीची विहीर त्या ओलीवर वैशाखातही तग धरते. राहीबाई नावाची विधवा बाई तिथलं पाणकणीस कापून चटया विणते आणि गाडीवाल्यांना विकते. तिचं पोट त्यावरच आहे.

लढाई संपली आणि युद्धोत्तर पुनर्रचना नावाची एक गोष्ट सुरू झाली. तिच्यातून गाडीतळ सुधारायचं ठरलं: बैलांना हौद, माणसांना छपरी आणि चर खणून केलेले संडास. सुभेदार कमिटीचे अध्यक्ष झाले. मला कशासाठी घेतलं ते माहीत नाही. बहुधा कमिटीत एक चष्मा असावा म्हणून.

पहिल्या बैठकीत सुभेदार उभे राहून म्हणाले, "तळ म्हंजी कसा पायजे? रांगेत गाड्या, रांगेत बैलं. पानी वरल्या अंगाला, संडास खालच्या अंगाला. बसऱ्याला आमचा तळ बघून गोरा साहेब काय म्हनला हुता ठावं हाय?"

"काय म्हनला?" नानासोनं विचारलं. हा गावातला दुकानदार, माझा एके काळचा विद्यार्थी.

"आता म्या इंग्रजी कवा शिकलो? पर चांगलं म्हनला."

लोकल बोर्डाचा ओव्हरसियर तरुण होता आणि मनापासून काम करणारा होता. त्याचं म्हणणं, जागा अपुरी आहे आणि लव्हाळी हा हिवतापाचा कारखाना आहे. मुरूम टाकून ती अर्धी बुजवली की डासही गेले आणि जागाही मिळाली. मी रात्री जागून 'पाणथळ जमिनीचे उपयोग' असा एक निबंध लिहून नेला होता, तो वाचला. विहिरीचं पाणी, पाखरं, राहीबाईच्या चटया, सगळं त्यात होतं. वाचताना मात्र माझ्याच मनात येऊ लागलं की, डास चावतात ते खरंच आहे. हा मुलगा हे शास्त्र शिकलेला आहे, मी नुसतं वाचलेलं आहे. शेवटचं पान मी इतक्या हळू वाचलं की ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

"गुरुजी लय ग्वाड वाचत्यात," नानासो म्हणाला. "शाळंत बी अशीच झोप यायची."

बुजवायचं ठरलं. कुठवर बुजवायचं त्या हद्दीवर खुणेचे दगड ठेवून चुना मारून घ्या, असं सांगून ओव्हरसियर गेला.

सुभेदारांनी ते काम लष्करी शिस्तीत केलं. गावात पलटणीतून परतलेले पेन्शनर सात. प्रत्येकानं ओढ्यातून एकेक दगड उचलून आणायचा, पाण्याच्या काठानं सारख्या अंतरावर मांडायचा, चुना फासायचा. संध्याकाळपर्यंत सात पांढरे दगड एका रेषेत बसले. त्या सातांतल्या एकाची कंबर धरली असती किंवा एकानं दोन दगड उचलले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण सगळेच धडधाकट होते आणि कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं. पाण्याच्या काठावर सात दगड मांडतोय, हे त्या सात शिपायांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. त्यांचं सगळं ध्यान रेषेकडं होतं.

दिवाळीनंतर धुळा धनगराचा वाडा, म्हणजे बायकापोरं-मेंढरांसकट सगळा तांडा, तळावर उतरला. त्याचं धाकटं पोर तापानं फणफणलेलं. ओव्हरसियरनं क्विनाइनच्या गोळ्या सुभेदारांकडे ठेवल्या होत्या, त्या त्यांनी पोराला दिल्या. पोराची आई हरणाबाई पाण्याला गेली, तिनं दगड पाहिले, मोजले, आणि एकेकाला हळदकुंकू लावून पदर पसरला. पोराचा ताप उतरला. मग गुळाच्या गाडीवाल्यांनी नारळ फोडले. अमावस्येला वस्तीवरच्या बायांनी हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवला. चुन्यावर शेंदूर चांगला बसतो, हे मला तेव्हा कळलं.

मार्गशीर्षात मुरमाच्या गाड्या आल्या. लव्हाळीचा निरोप घ्यावा म्हणून मी साताऱ्याहून मुद्दाम गेलो होतो. गाड्या उभ्या होत्या, घमेली उतरलेली होती, आणि कुणी हात लावत नव्हतं.

"सुभेदार, हे दगड तुम्ही ठेवलेत ना?" ओव्हरसियरनं विचारलं.

"व्हय साहेब."

"चुना तुम्ही मारलात."

"ह्या हातानं."

"मग उचला की!"

सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. "म्या ठेवलं तवा दगडच हुतं, साहेब. आता काय हायत ते मला म्हाईत न्हाई."

ओव्हरसियर हरणाबाईकडे वळला. "बाई, पोराला आम्ही गोळ्या दिल्या होत्या. त्यानं ताप उतरला."

"दिल्या की. न्हाई कोन म्हनतंय?" हरणाबाई म्हणाली. "पर द्यायची बुद्दी कुनी दिली तुमास्नी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, तुम्ही तरी सांगा. तुम्ही शिकलेले आहात."

अंधश्रद्धेवर मी शाळेत दर वर्षी एक धडा घेत असे. मुलांना दगड दाखवून विचारत असे, यात काय आहे? मुलं ओरडत, दगड! तीच मुलं आता मिशा फुटून समोर उभी होती. मी वहाणेच्या अंगठ्याकडं पाहत म्हणालो, "तसं बघितलं तर... दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा."

गाड्या परत गेल्या. लव्हाळी वाचली. जे माझ्या निबंधाला जमलं नाही ते सात दगडांनी केलं. परतीच्या मोटारीत मला इतका आनंद झाला होता की त्याची लाजही वाटत होती.

तो आनंद जेमतेम महिनाभर टिकला.

आसरा पावतात ही बातमी गुळाच्या गाडीबरोबर जाते, म्हणजे बरीच लांब जाते. अमावस्येला तळावर गाड्या मावेनात. नानासोनं नारळाचं दुकान टाकलं. मग कमिटीला वाटलं, एवढे लोक येतात तर आसरांची काही सोय नको? हौद, छपरी आणि संडास बाजूला राहिले. त्याऐवजी दगडांभोवती सिमेंटचा ओटा, वर पत्र्याचं छप्पर आणि पाण्यात उतरायला घाट बांधायचा ठराव झाला. ओव्हरसियरची हरकत नव्हती. घाटासाठी लव्हाळीचा मधला भाग बुजवावाच लागणार होता, आणि या वेळी घमेली उचलायला अख्खा गाव तयार होता.

आणि मग ते पत्र आलं.

खरं लिहावं, की हे तुमचेच खुणेचे दगड आहेत, तर ओव्हरसियर तोच कागद दाखवून ठरलेली अर्धी लव्हाळी बुजवणार. आसरांना ओटा चालत नाही असा एखादा आधार रचून लिहावा, तर माझ्या पुस्तकांतल्या एकातही आसरांबद्दल ओळ नव्हती. आयुष्यभर मुलांना खोटं लिहू नका म्हणून बजावलं, आता म्हातारपणी खोटं शास्त्र रचायचं? म्हणून मी काहीच लिहिलं नाही. त्यालाही विचारीपणा म्हणता येतं, आणि मी तसं म्हणत होतो.

फाल्गुनात एका दुपारी राहीबाई दारात उभी राहिली. डोक्यावर दोनच चटया होत्या. एरवी साताऱ्याच्या बाजाराला ती भारा घेऊन यायची.

"एवढ्याच?" मी विचारलं.

"पानकनीस ऱ्हायलंय कुठं?" ती उंबऱ्यावर टेकली आणि पाय पुढं केला. तळव्याला फडकं बांधलेलं होतं. "बांगड्यांच्या काचा. पान्यात पाय घालायची सोय न्हाई. आन माणसांचं सांगू का गुरुजी, देवाला येत्यात आन देवाच्या मागंच जाऊन बसत्यात. संडास न्हाई, मग जात्यात कुठं? लव्हाळ्याच्या आडाला. इहिरीचं पानी वास मारतंया."

मी पुस्तकातून पत्र काढून तिला वाचून दाखवलं. का, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणाला ते वाचून दाखवायचं धैर्य मला नव्हतं.

"कवा आलं हे?"

"पौषात."

"आवं, मग ल्ह्या की! पाडवा तोंडावर आला."

"काय लिहू? मला आसरांचं काही माहीत नाही, राहीबाई."

"पुस्तकात न्हाई?"

"नाही."

तिनं माझ्या भिंतीला लागून रचलेल्या पुस्तकांकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग एवढी कशापायी ठिवलीत?" ती म्हणाली, आणि एक चटई मला घ्यायला लावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीनं शेवरेवाडीला गेलो. राहीबाईनं सांगितलं होतं त्यापेक्षा वाईट होतं. पाणकणसाच्या बेटातून पायवाटा पडल्या होत्या, पाण्यावर नारळाच्या शेंड्या तरंगत होत्या, चक्रवाकांचा पत्ता नव्हता. आसरा मात्र झकास होत्या. प्रत्येकीला चांदीचे डोळे बसवले होते. त्यांच्याभोवती दोरी धरून ओट्याची आखणी झाली होती.

सुभेदार मला पाहून धावत आले. "गुरुजी! पत्र पावलं न्हाई व्हय? पोस्टाचा काय भरवसा ऱ्हायला न्हाई आता."

पोस्टावर आळ येऊ देणं मला जमलं असतं. पण मी म्हणालो, "पावलं. उत्तर सुचलं नाही."

"तुमास्नी?" ते हसले. त्यांना तो विनय वाटला.

आम्ही बाभळीखाली बसलो. मी आवाज खाली आणून म्हणालो, "सुभेदार, हे खुणेचे दगड आहेत. तुम्हाला माहीत आहे."

"व्हय."

"तुम्ही स्वतः चुना मारलाय."

"गुरुजी, पलटणीचा झेंडा कोन शिवतो? दर्जी शिवतो. आमी त्याला शिवताना बघितलंय, तोंडात सुई धरून, बिडी वडत. पर एकदा काठीवर चढला की सलाम झेंड्यालाच. दर्ज्याला कोन सलाम ठोकत न्हाई." ते माझ्याकडं सरकले. "आन खरं सांगू? मला बी ह्यो ओटाबिटा पटत न्हाई. मला तळ करायचा हुता. रांगेत गाड्या, वर पानी, खाली संडास. त्यातलं काय झालं? नानासोचं दुकान झालं. पर देवाच्या म्होरं संडासाचं नाव काढायची माजी छाती हुत न्हाई. म्हनून तर तुमास्नी ल्हिलं."

इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना शास्त्र हवं आहे. त्यांना सुटका हवी होती.

राहीबाई काठावर वाळलेलं कणीस वेचत होती. ती आमच्याकडं पाठ करून म्हणाली, "आसरा छपराखाली ऱ्हात न्हाईत."

"काय?" मी विचारलं.

"उघड्यावरच्या हायत त्या. छप्पर घातलं की उठून जात्यात. माज्या माह्यारला ठिकान हाय, कवा कुनी भित घातली न्हाई. ह्ये समद्या बायांस्नी ठावं हाय. कमिटीत बाई असती तर कुनी इचारलं असतं."

सुभेदारांनी मान हलवली. "आमची आई बी तसंच म्हनायची. छप्पर न्हाई, भित न्हाई. पायतान घालून जायाचं न्हाई."

मी खिशातून पेन्सिल काढली. "आणि घाण?"

"घान?" राहीबाई वळली. "घान केली की आंगावर फोड येत्यात. अंगनात कोन घान करतंय व्हय? मान्साच्या न्हाई, मग त्यांच्या कशी चालंल?"

"अंगण कुठवर त्यांचं?"

तिनं लव्हाळीकडं पाहिलं. दगडांपाशी तिची नजर थांबली नाही. ती पाणकणसाच्या पार टोकापर्यंत, खालच्या विहिरीच्या बांधापर्यंत गेली. "जितवर लव्हाळा उगवतो तितवर."

हे ती माहेराहून घेऊन आली होती की आत्ता उभ्या उभ्या तिला सुचलं होतं, ते मला ओळखता आलं नाही. राहीबाईची श्रद्धा कुठं संपते आणि तिच्या चटया कुठं सुरू होतात, तिथं कुणी चुन्याचे दगड ठेवलेले नाहीत. मी भीत भीत विचारलं, "राहीबाई, हे जुनं आहे ना? असं पूर्वीपासून म्हणतात?"

"आता मी म्हनली की. मी काय कालची हाय?"

"आन लव्हाळा कापायचा का न्हाई मग?" सुभेदारांनी मिशीआडून विचारलं. "अंगन त्यांचं हाय म्हनतीस."

"लेक माह्यारच्या परसातलं न्हेत न्हाई व्हय?" राहीबाई फणकाऱ्यानं म्हणाली.

मी म्हणालो, "मग झालं तर. मी हेच आज कमिटीला सांगतो."

सुभेदारांनी माझा हात धरला. "तोंडी नगं, गुरुजी. नानासो तुमास्नी बोलू द्यायचा न्हाई, आन तुमी बी बोलायचा न्हाई. कागद पायजे. आन पोस्टानं आला पायजे, साताऱ्याच्या शिक्क्याचा. इथं बसून ल्हिलेल्या कागदाला कोन इचारतंय?"

म्हणून मी जे उत्तर त्यांना समोरासमोर देऊ शकलो असतो ते घेऊन साताऱ्याला परत आलो.

पत्र लिहायला बसलो तेव्हा जुनी खोड उठली. पहिल्या मसुद्यात सहा 'कदाचित' होते, दुसऱ्यात तीन. शेवटी मी असं लिहिलं:

"सुभेदार मानसिंगराव यांस स. न. वि. वि. पत्रास विलंब झाला, क्षमा असावी. हे सात दगड हद्दीची खूण म्हणून आपणच ठेवले, हे आपणांसही ठाऊक आहे व मलाही. पुस्तकांत आसरांविषयी मला काही आढळले नाही. आपल्या भागातील जाणत्या बाया सांगतात ते असे: आसरांना छप्पर, भिंत, ओटा व घाट चालत नाही. लव्हाळा उगवतो तिथवर त्यांचे अंगण. अंगणात पायताण, गाडी व घाण चालत नाही. काच पाण्यात टाकू नये. बांगड्या काठावर ठेवाव्यात. यात्रेकरूंनी अंगण विटाळू नये यासाठी संडास आधी बांधावेत, रस्त्याच्या पलीकडे, त्या बाजूच्या उताराला. ते होईपर्यंत दुसऱ्या कामाला कुदळ लावणे इष्ट नाही. कळावे."

पुन्हा वाचलं. आसरांना आधी संडास हवेत, असं सांगणारा मी पहिलाच असेन. निबंधाला जे वाचवायचं होतं तेच यालाही वाचवायचं होतं. फक्त निबंधाला बांगड्या नव्हत्या.

दगडांबद्दलचं वाक्य मात्र सलत होतं. ते ओव्हरसियरच्या हाती लागलं तर? पेन दोनदा त्याच्यावर नेला. ते खोडलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल असं मला वाटलं. आणि ठेवलं तर सुभेदार ते कमिटीपुढे वाचायचे नाहीत, याचीही मला खात्री वाटत होती. दर्ज्याला कोण सलाम ठोकतं? माझा खरेपणा त्या पाकिटात सुखरूप राहणार होता आणि कुणाच्या कामी येणार नव्हता. मी वाक्य तसंच ठेवलं.

पाडव्याला आठवडा होता. मी चपला घातल्या, पोस्टापर्यंत गेलो, तिकीट नीट चिकटलंय का ते दोनदा दाबून पाहिलं. मागं उभ्या असलेल्या एका पेन्शनरनं खाकरून विचारलं, "टाकताय का म्हातारबा, का वाचून दावताय पेटीला?"

मी टाकलं. आत ते पडल्याचा आवाज आला, अगदी बारीक.